वास येईनासा झाला म्हणून हवा चांगली झाली, असं नाही

तालुक्याच्या गावी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झालं की झाडलोट, बागकाम, वाळलेला गाळ गोण्यांत भरणं अशा कामांसाठी बायकांची विचारणा होते. ओडिशात तर कितीतरी शहरांत मैल्याच्या गाळाची केंद्रं बचत गटांच्या बायकाच चालवतात. काम वाईट नाही. पैसे वेळेवर मिळणार असतील तर उन्हातल्या खुरपणीपेक्षा बरंच. पण हो म्हणण्याआधी तिथल्या बंद खोल्यांमधल्या हवेबद्दल आम्हाला आज बोलायचं आहे.

सांडपाणी साचलं की त्यातला प्राणवायू संपतो, ते कुजतं आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्यात, तळघरात बसून राहतो. पाणी शांत असलं की बराचसा पाण्यातच मुरलेला असतो. पंप चालू झाला, गाळ ढवळला, की सोड्याची बाटली फोडल्यासारखा एकदम वर येतो. म्हणून गावाचं पाणी पहिल्यांदा येऊन पडतं ती विहीर, कचरा अडवणाऱ्या जाळीची खोली आणि गाळ दाबून पाणी काढायची खोली, या तीन जागा सगळ्यांत जपायच्या.

बायका म्हणतात, दोन दिवस वास येतो, मग सवय होते. घात इथेच आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागही नसला तरी नाकाला कळतं. पण तो १०० भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला असं वाटतं, वायू मात्र तिथेच असतो. ५०० च्या पुढे माणूस उभ्याउभ्या कोसळू शकतो. कमी प्रमाणातही डोकं दुखतं, मळमळतं, डोळे चुरचुरतात. आपण म्हणतो, पित्त झालं असेल.

या वायूने चांदी काळी पडते. पायातली जोडवी, पैंजण नेहमीपेक्षा लवकर काळे पडायला लागले तर बैठकीत सांगा. मात्र जोडवी पांढरी आहेत म्हणजे धोका नाही, असं कुणी धरू नका. मोजायचं ते यंत्राने. अंगावर लावायचं छोटं यंत्र मिळतं, वायू वाढला की ते ओरडतं.

नाकाला पदर बांधून वायू अडत नाही. दवाखान्यातल्या साध्या मास्कनेही नाही. पंखा हवा, तो आत जाण्याआधी सुरू झालेला हवा, आणि जड वायू ओढायचा तर त्याचं तोंड खाली, जमिनीजवळ हवं. छताला लावलेला एकच पंखा दाखवून कुणी समाधान करत असेल तर ऐकू नका. हवा फुंकून पाणी घुसळतात त्या टाकीजवळ बारीक तुषारांबरोबर जंतूही उडतात, तेव्हा डबा तिथे उघडायचा नाही.

घरच्या सेप्टिक टाकीत हाच वायू असतो. जुनी माणसं विहिरीत कंदील सोडून बघायची. प्राणवायू कमी असला तर कंदील विझतो, हे खरं. पण हा विषारी वायू त्याने कळत नाही, आणि सेप्टिक टाकीत मिथेन असतो, तिथे ज्योत नेली तर भडका. टाकी उपसायला गाडीच बोलवा. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांनी गाडी पाठवून टाक्या उपसायची पद्धत सुरू केली आहे, तशी मागणी आपणही करू शकतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि आत कुणी पडलंच तर पाठोपाठ उडी घेऊ नका. वाचवायला गेलेला दुसरा, मग तिसरा, असेच जीव जातात. १०१ आणि १०८ ला फोन करा.

कामाचा करार आला की सही करण्याआधी गटाने विचारायचं: वायू मोजायचं यंत्र कुठे आहे, पंखा कोण सुरू करतं, आत गेलेल्या बाईवर बाहेरून लक्ष कोण ठेवतं, विमा कुणाच्या नावाने आहे. उत्तरं तोंडी घेऊ नका. करारात लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत गटाच्या फायलीत लावा.