अर्जाची पोच मागून घ्या
(मुदखेड येथील भाषण)



आपल्या वस्तीत एक लहानसा दवाखाना असावा ही तुमची इच्छा रास्त आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. गावोगावचा आजारी माणूस अखेरीस त्याच दारी जातो. म्हणून जवळचा दवाखाना ही चैन नव्हे. परंतु 'परवाना' हा शब्द निघताच आपली माणसे खचतात. निजामी अमदानीत दप्तर उर्दूत होते व कारकून सांगेल तो कायदा होता. १९४८ साली ती राजवट गेली. दप्तरापुढे हात जोडण्याची सवय मात्र पुष्कळांच्या अंगातून गेलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहा. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्णास ठेवून घेऊन शुश्रूषा करणाऱ्या घरास लागू आहे, प्रसूतिगृहासही. तपासून, औषध देऊन घरी पाठविणाऱ्या दवाखान्यास ती नोंदणी नाही. तेव्हा खाटा टाकावयाच्या की नाही, हे प्रथम ठरवा. खाटा नसल्या तरी डॉक्टरांचे नाव वैद्यकीय नोंदवहीत असलेच पाहिजे; आणि सुया, रक्ताळलेला कापूस यांच्या विल्हेवाटीसाठी २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती हवी. खाटा नसलेल्यांना ती एकदाच घ्यावी लागते.

येथे मला एक उणीव दिसते. केंद्राच्या २०१० च्या कायद्यात खाटा नसलेले दवाखानेही नोंदणीखाली येतात. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारला नाही. म्हणजे आपल्याकडे खाट मोजली जाते, आणि गरीब माणूस ज्या दारी सर्वाधिक जातो ते दार मोजले जात नाही!

आता अर्जाविषयी. १९४९ च्या कायद्याखालील नोंदणी नाकारावयाची असेल तर अधिकाऱ्याने कारणे देऊन एक महिन्याची नोटीस दिली पाहिजे. तुम्ही लेखी मागणी केलीत की तुमचे म्हणणे ऐकले पाहिजे. त्यापुढे अपीलही आहे. 'साहेब नाही म्हणाले' हा कायद्यातील नकार नव्हे. तो कागदावर मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे, अर्जाची क्रमांकासह पोच देणे बंधनकारक केले आहे. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण पोचच नसेल तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार?

आणि उद्या खाटा टाकल्यात, तर २०२१ च्या सुधारित नियमांनी तुमच्यावरही बंधने येतील. रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी लावावे लागेल. बिलाच्या थकबाकीसाठी मृतदेह अडवून ठेवता येणार नाही. जात वा धर्म पाहून उपचारात भेद करता येणार नाही. हे शेवटचे कलम आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही, परंतु ते भिंतीवर लिहिलेले असावे.

उद्या जे दोघे अर्ज घेऊन नांदेडला जाणार आहेत, त्यांनी प्रत्येक कागदाची एक प्रत जवळ ठेवावी आणि शिक्का घेतल्यावाचून खिडकी सोडू नये.