विकास खात्याच्या चाळी

मुंबईच्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी सिमेंटच्या करड्या, चौमजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, त्याला आता शंभर वर्षे झाली. लोक त्यांना बी. डी. डी. चाळी म्हणतात. ही तीन अक्षरे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या खात्याची. खाते केव्हाच मोडले; त्याचे नाव मात्र चाळींना चिकटून राहिले.

या चाळींची कुळकथा १८९६ च्या प्लेगपासून सुरू होते. त्या साथीने शहरातील कोंदट वस्त्यांचे खरे रूप उघडे पाडले. १८९८ साली सुधार मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. या मंडळाने रस्ते रुंद केले, जुनी घरे पाडली आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. (त्या चाळीला पुष्कळदा बी. डी. डी. चाळ म्हटले जाते, ते बरोबर नाही. ती सुधार मंडळाची.) परंतु गिरण्या वाढत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे येत होते, आणि या गर्दीपुढे मंडळाचे बांधकाम अपुरे पडत होते. १९२१ च्या सुमारास शहरातील बहुसंख्य लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

अशा वेळी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली विकास खाते उभे केले. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढायची आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या, असा दुहेरी संकल्प होता. पैसा कर्जातून यायचा होता आणि त्याला आधार म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया जकात बसवण्यात आली. हे कर्ज काढले गेले ते महायुद्धानंतरच्या तेजीत, जेव्हा सामानाचे भाव चढे होते. पुढे मंदी आली. समुद्र हटवण्याचे काम तर फसलेच. वीर नरिमन यांनी त्या खात्याचे वाभाडे काढले आणि त्यावरून गाजलेला खटलाही झाला. ५०,००० खोल्यांपैकी प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी आणि सुमारे १६,००० खोल्या. त्यांतल्या १२१ चाळी एकट्या वरळीस, ४२ नायगावला, ३२ त्या वेळच्या डिलाइल रोडला आणि १२ शिवडीला.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या शहरात माणसे जिन्याखाली आणि फुटपाथवर झोपत होती, त्याच शहरात वरळीच्या नव्या कोऱ्या खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. गिरण्यांच्या कुशीत असलेल्या डिलाइल रोडच्या चाळींना भाडेकरू मिळाले, वरळीला मिळेनात. कामावरून सुटलेल्या माणसाला तेथवर पायपीट करावी लागे, जवळ बाजार नव्हता, आणि मजुरीच्या मानाने भाडे जड होते. सिमेंटच्या भिंतींविषयीही लोकांच्या मनात अढी होती. घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर एवढाच हिशेब खात्याने केला होता. भाकरी कोठे भाजायची, उधारी कोण देणार, पाळी सुटल्यावर घरी कसे यायचे, हा हिशेब राहणाऱ्याचा होता. तो आधी कोणी विचारलाच नाही. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या याच चाळींत सत्याग्रहींना कोंडले. कामगारांसाठी बांधलेल्या वास्तूत असा राजबंद्यांचा मुक्काम पडला.

पुढे भाडी उतरली, वस्ती सरकली आणि चाळी भरल्या; इतक्या की १६० चौरस फुटांच्या खोलीत दहा-बारा माणसे राहू लागली. मधोमध लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि सर्वांना मिळून शौचकूप. एकेका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यायची, पाळीप्रमाणे एकाने उठायचे आणि दुसऱ्याने त्याच जागी अंग टाकायचे, ट्रंका भिंतीशी रचायच्या, जेवण खाणावळवाल्या बाईकडे, असा तो संसार होता. बायकामुले आली तेव्हा माळा निघाला, व्हरांड्याचे अंगण झाले. त्या व्हरांड्याचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पण सकाळी नळापाशी बादली घेऊन उभी राहणारी बाई त्या कौतुकात फारशी सामील होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चाळीचा एकोपा हाही अर्धाच खरा. जातीजातींच्या आणि गावागावांच्या रेषा येथेही होत्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीला दलित पँथरच्या सभेनंतर जी दंगल उसळली, तिच्यात चाळीवरून चाळीवर दगडांचा मारा झाला. शेजारी शेजाऱ्यासमोर उभा ठाकला. त्याच वस्त्यांनी १९८२ चा गिरणीसंप सोसला. संप मोडला, गिरण्या गेल्या आणि ज्यांच्यासाठी खोल्या बांधल्या त्यांचा धंदाच उरला नाही. खोली तेवढी हाती राहिली. पुष्कळ कुटुंबांचे तेच एक भांडवल ठरले.

दरम्यान समुद्राच्या खाऱ्या हवेने गजांना गंज चढला, छताचे पोपडे पडू लागले. २०१६ साली राज्य सरकारने पुनर्विकासाचा निर्णय घेतला आणि काम गृहनिर्माण मंडळाकडे, म्हणजे म्हाडाकडे सोपवले. शिवडीच्या चाळी गोदी प्रशासनाच्या जमिनीवर असल्यामुळे त्या आराखड्याबाहेर राहिल्या. बाकीच्या ठिकाणी प्रत्येक रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने द्यायचे आणि उरलेल्या जमिनीवर विक्रीच्या इमारती बांधून खर्च भागवायचा, अशी ही योजना. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

तिपटीहून मोठे घर, घरात स्वतःचे शौचकूप, दाराला आपली कडी. तीन पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली ते हेच, आणि त्यात उणे काढणे दुसऱ्याला शोभत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा दाराशी आला आहे. लिफ्ट, पंप आणि पहारा यांचा महिन्याचा खर्च निवृत्तिवेतनावर किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या घराला कसा झेपेल? नायगावच्या आणि जोशी मार्गाच्या चाळींतील जी बिऱ्हाडे आपल्या पाळीची वाट पाहत आहेत, ती नव्या घराच्या नकाशाबरोबर या खर्चाचा आकडाही विचारीत आहेत.