उपासाचा चहा



मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. पण माझी फजिती ऐकून कोणाची एक खेप वाचली तर बरे, म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या साली हळद काढणीच्या दिवसांत मला धाप लागे, पाठ आणि जबडा दुखे. छातीत कळ नव्हती, म्हणून पित्त समजून ओवा खात राहिले. बायकांचे हृदयाचे दुखणे असे आडवाटेनेही येते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. त्यांनी संभाजीनगरला हृदयाच्या स्नायूचा फोटो काढावयास धाडले.

या तपासणीत शिरेतून थोडे किरणोत्सर्गी औषध देतात. ते रक्ताबरोबर स्नायूत जाते. रक्त नीट पोचते तेथे उजेड दिसतो, कमी पोचते तेथे अंधार. एकदा विसाव्यात फोटो, एकदा हृदयाला कष्ट देऊन. असल्या औषधांनी रोग शोधण्यासाठी परळला १९६३ सालापासून अणुऊर्जा खात्याचे केंद्र आहे. म्हणजे ही विद्या माझ्याहून वयाने मोठी!

माझे गुडघे धरलेले, पट्ट्यावर चालवेना. म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलविणारे औषध देणार होते. उपाशी या म्हणाले. आता आपल्या उपासाला चहा चालतोच की! रात्रभर एस.टी.त बसून गेले आणि स्टँडवर कपभर घेतला. तेथे बाईंनी विचारले, मी खरे सांगितले, आणि तपासणी रद्द. चहाकॉफीने ते औषध लागू पडत नाही, चोवीस तास आधीपासून वर्ज्य. कागदावर होते, पण इंग्रजीत. फोटोचे औषधही सहा तासांत निम्मे होते, लोणच्यासारखे भरून ठेवता येत नाही. यजमान परतीच्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या खेपेस सारे पाळले. औषध यकृतातून आतड्यात उतरते व त्याच्या उजेडाने हृदयाची खालची बाजू झाकते, म्हणून दूध पाजून थांबविले. मग हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचे. हललात की फोटो फिसकटला. पुढच्या बाजूस डाग दिसला. माझ्या पोटात गोळा आला. परंतु बायकांच्या छातीचीच सावली तेथे पडते, म्हणून पालथे निजवून पुन्हा फोटो घेतला, आणि डाग नाहीसा झाला. लाजून नको म्हटले असते तर? धाप रक्त कमी असल्याने होती. त्याच्या गोळ्या चालू आहेत.

पोटुशी किंवा अंगावर पाजणारी असेल तिने हे आधीच सांगावे. मुलाकडून सगळे मराठीत लिहवून घेतले आहे. तो कागद मंडळाच्या कपाटात, हळदीकुंकवाच्या वहीत ठेवला आहे.