तटस्थ म्हणजे नेमकं काय? बीडीडी चाळीतला एक सर्व्हे

आज आपण वरळीला, बीडीडी चाळीत जाणार आहोत.

१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१. तळमजला आणि वर तीन मजले, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामायिक. आता म्हाडातर्फे पुनर्विकास चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

समजा, कॉलेजने तुम्हाला प्रोजेक्ट दिला की पुनर्विकासाबद्दल चाळकऱ्यांना काय वाटतं ते शोधा. तुम्ही मंगळवारी सकाळी अकरा वाजता फॉर्म घेऊन जाता. प्रश्न एकच: ‘तुम्ही समाधानी आहात का? हो की नाही?’ शंभर जणांना विचारलंत, ऐंशी जण हो म्हणाले. चला, ८० टक्के लोक समाधानी!

जरा थांबा. मंगळवारी सकाळी अकराला घरी असतं कोण? कामावर गेलेली माणसं तुम्हाला भेटलीच नाहीत. ज्यांची इमारत रिकामी झाली आणि जे भाड्याने दुसरीकडे राहायला गेले, ते तर चाळीत सापडणारच नाहीत. शिवाय दार उघडं, उंबऱ्यात शेजारच्या काकू उभ्या आणि तुमच्या गळ्यात आयकार्ड. आजोबांना वाटतं, हा ऑफिसातून आलाय. ‘नाही’ म्हटलं आणि यादीतून आपलं नाव उडालं तर? तुमची बेरीज चुकलेली नाही. पण त्या ऐंशीत समाधान किती आणि धास्ती किती, हे फॉर्म सांगत नाही.

मग तुम्ही म्हणाल, आकडे नकोत, सरळ गप्पा मारू. छान. आजींनी चहा दिला, गणपतीच्या आठवणी सांगितल्या, ‘आमचं दार कधी बंद नसायचं’ म्हणाल्या. तुम्ही भारावून लिहिलंत: टॉवर आले, माणुसकी गेली. पण त्याच घरातल्या सुनेला विचारलंत का? पहाटे बादली घेऊन रांगेत तीच उभी राहते. घरातल्या घरात संडास मिळणं म्हणजे काय, हे तिच्याकडून ऐकायला हवं होतं. दीड तासाच्या रेकॉर्डिंगमधली कोणती चार वाक्यं ठेवायची, हे तर तुम्हीच ठरवलंत.

म्हणजे आकड्यांतही आपण असतो आणि गप्पांतही. मग संशोधनावर विश्वास ठेवायचा कसा?

याच शहरातली दोन उदाहरणं बघू. १९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरणगावातल्या आणि शहरातल्या इतर कामगारांच्या घरखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. ऑफिसचे प्रमुख होते फिंडले शिरास. दोन हजारांहून जास्त कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले होते. त्यात निघालं काय? दुष्काळी कामांवरच्या मजुराला नियमाने जास्तीत जास्त जेवढं धान्य मिळायचं, तेवढं मुंबईचा कामगार खातो. पण तुरुंगाच्या नियमात कैद्याला जेवढा आहार दिलाय, त्याहून कमी! आकडा मोजलेला होता, तरी तो कैद्याच्या ताटाशेजारी ठेवायचा हे कोणीतरी ठरवलं. ती निवड उघड होती, म्हणून त्यावर वाद घालता आला.

दुसरं उदाहरण नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या पुस्तकाचं. गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींवर उभं असलेलं हे पुस्तक. दोघींची सहानुभूती कामगारांकडे आहे, ती त्यांनी लपवली नाही. तरी पुस्तकात लाल बावट्याचे कार्यकर्ते बोलतात, शिवसेनेचेही बोलतात. एकमेकांना खोडून काढणारे आवाज शेजारी शेजारी आहेत.

मला वाटतं, खरी मेख इथे आहे. मत नसलेला माणूस जगात नाही. बघायचं एवढंच, की तुमचं मत खोटं पाडू शकेल अशा माणसाकडे तुम्ही गेलात का? आणि गेलात तर त्याचं म्हणणं रिपोर्टमध्ये ठेवलंत का?

म्हणून चाळीत पुन्हा जा. या वेळी संध्याकाळी आणि रविवारीही. भाड्याने गेलेल्यांचे फोन नंबर शोधा. आयकार्ड कोणाचं, माहिती कुठे जाणार, हे आधी सांगा. ‘समाधानी का?’ याऐवजी ‘मेंटेनन्स किती येईल असं वाटतं, तो कसा भराल?’ असं विचारा. किती जण बोलले नाहीत, तेही लिहा. प्रश्न विचारताना शेजारी कोण उभं होतं, तेही.

एवढा काटेकोरपणा कशाला? कारण इमारत पडल्यावर तोच प्रश्न त्याच उंबऱ्यावर पुन्हा विचारता येणार नाही. उद्या कोणी म्हणेल, ‘चाळकरी तर खूश होते’, आणि पुरावा म्हणून तुमचाच तक्ता दाखवेल. तेव्हा ती सून तिथे नसेल. तुमची वही असेल.

पुढच्या भागात भेटूच. तोवर तुमच्या घरी आलेल्या एखाद्या सर्व्हेत तुम्ही काय खोटं सांगितलंत आणि का, ते आठवून बघा.