सर्पगंधा आणि धनेश

रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या उतरणीवरच्या दमट रानात सर्पगंधेचं लहानसं झुडूप उगवतं. पांढरी फुलं, तांबडे देठ. करवंद, कण्हेर, सदाफुली तिच्याच कुळातली, म्हणजे ॲपोसायनेसीतली. वरच्या उंच झाडांवर मलबारी कवड्या धनेश वावरतो. त्याचं कुळ ब्युसेरोटिडी. गणाने तो हुदहुदचा नातलग.

वर्गीकरणात इतके लांबचे हे दोघे ‘सायटिस’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र एकाच, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. सर्पगंधा १९९० पासून. तिच्या मुळीतून १९५२ मध्ये रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं केलं गेलं. आणि मुळी हवी म्हणजे अख्खं झुडूपच उपटायचं!

धनेशाला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ‘संकटसमीप’ ठरवलंय. त्याची अडचण घराची. मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते, नर फटीतून तिला फळं भरवतो. एवढी मोठी ढोली जुन्या, जाड खोडातच सापडते. देवरूख-संगमेश्वरकडे बेहड्यासारखे असे वृक्ष देवरायांत आणि खासगी जमिनींवरही आहेत. म्हणून बेहडा तोडायला देण्याआधी मालकाने खोडाकडे नीट पाहावं, असं मनापासून वाटतं. भर उन्हाळ्यात आत पिल्लंही असतात.