डिंकाचे लाडू आणि रात्री नऊची गोळी

समोर बसलेल्या, माझ्यासारख्याच स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या मैत्रिणींनो, आणि बायकोला नुसतं सोडायला आले नि मागच्या रांगेत अडकले अशा सर्व नवरेमंडळींनो,

स्वागत समितीच्या वतीने तुम्हां सगळ्यांचं मुनिरक्यात मनापासून स्वागत.

दिल्लीत मराठी स्वागताध्यक्षाची खुर्ची जरा जडच. 1954 साली इथे साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्या खुर्चीत काकासाहेब गाडगीळ होते, 2025च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये शरद पवार होते. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून गेल्या वर्षी सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेली, साताऱ्याकडची बाई. माझी पात्रता एवढीच की सात वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले आणि रात्री नऊची गोळी अजून चालू आहे. शिवाय हा हॉल मिळवण्यासाठी चार खेपा घालायला समितीत माझ्याकडेच वेळ होता.

बाहेरगावाहून आलेल्यांना मुनिरक्याबद्दल दोन शब्द. हे मूळचं टोकस मंडळींचं गाव. शेती गेली, चौकोनी मनोरे उभे राहिले, आणि खोल्या भाड्याने गेल्या. जेएनयूचे विद्यार्थी, ईशान्येकडची मुलंमुली, नोकरदार, सगळे त्यात राहतात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या बाल्कनीतलं धुणं हात लांबवून काढता येईल. ऊन जमिनीवर उतरतच नाही. हे ऊन लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

गावाला लागूनच, बाबा गंगनाथ मार्गावर, राष्ट्रीय आरोग्य आणि कुटुंब कल्याण संस्था आहे. 1977 साली दोन जुन्या संस्था एकत्र करून ती झाली, त्यांतली एक कुटुंब नियोजनाची. त्या फाटकावरून मी रोज फिरायला जाते आणि मला दरवेळी हसू येतं. कारण आपल्यातल्या कित्येकजणी जी टॅमॉक्सिफेनची गोळी घेतात ती जन्मली कुटुंब नियोजनासाठीच. 1962 साली इंग्लंडमध्ये आयसीआय या कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी ती बनवली. उंदरांमध्ये गर्भ राहू देत नव्हती, म्हणून सगळे खूश. बायकांना दिली तर उलटंच, बीजकोश जागे व्हायला लागले! गर्भनिरोधक म्हणून नापास झालेली ही गोळी 1971 साली मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगावर चालली, आणि पुढे जगभर गेली. आपल्या लखनौच्या प्रयोगशाळेतली ‘सहेली’ तिच्याच कुळातली. ती मात्र गर्भनिरोधक म्हणून पास झाली.

गोष्ट गमतीची, पण तरुण मैत्रिणींनी तिच्यातलं मर्म ऐकावं. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी आली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत असं मुळीच नाही, आणि या गोळीवर गर्भ राहणं बाळाला धोक्याचं. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्याला चालत नाहीत. तांबी चालते. हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. बावन्न-त्रेपन्नच्या बाईला काय सांगायचं, असं वाटलं असेल.

आता आजच्या विषयाकडे, हार्मोन आणि वजन यांच्याकडे. ‘हार्मोन बिघडलेत हो डॉक्टर’ हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलंय. मैत्रिणींनो, ते बिघडलेले नाहीत, बिघडवलेत. मुद्दाम. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक स्तनकर्करोगांना इस्ट्रोजेनचं खाद्य लागतं. 1896 साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने बीजकोश काढले तर स्तनातल्या गाठी आक्रसतात हे दाखवून दिलं, तेव्हा हार्मोन या शब्दाचाही जन्म झालेला नव्हता. आज तेच काम गोळ्या-इंजेक्शनं करतात. टॅमॉक्सिफेन पेशीच्या दारावरच इस्ट्रोजेनला अडवते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल त्याचं उत्पादनच बंद पाडतात. पाळी गेल्यावर हे उत्पादन बीजकोशात होत नाही, ते चरबीत होतं. म्हणजे पोटावरची वळी हा आपला नवा कारखाना. वजनाचा आणि या आजाराचा संबंध दिसण्यापुरता नाही तो यामुळे.

म्हणून ‘हार्मोन संतुलित करणारं’ चूर्ण, काढा, ‘लेडीज टॉनिक’ कुणी विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. संतुलन साधलं तर उपचार वाया गेला! थायरॉइड कमी पडत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिची तपासणी होते आणि तिला औषध आहे.

वजन कसं वाढतं ते मी माझ्या ब्लाउजवरून सांगते. केमोच्या आधी मी अठ्ठावन्न किलो होते, दोन वर्षांनी सदुसष्ट. मुनिरका गावातल्या मास्टरजींकडे सगळे ब्लाउज घेऊन गेले. वीस वर्षांपासूनचा शिंपी. त्यांनी टेप लावला, थांबले, पुन्हा लावला. उजवीकडे कापड पुरत नव्हतं आणि डावीकडे झोळ पडत होता. काही विचारलं नाही त्यांनी. वहीत दोन बाजूंची दोन मापं लिहिली आणि म्हणाले, “बहनजी, अंदर से जेब लगा दूँ? पैड रख लेना.” एवढ्या वर्षांत माझ्याशी या विषयावर इतक्या सरळपणे बोललेला पहिला माणूस तो. ज्या दवाखान्यात माझे उपचार झाले तिथे मी वजनाचं काढलं तर उत्तर मिळालं होतं, “जीव वाचला ना? मग?”

जीव वाचला, मान्य. पण मग मी काय केलं ते ऐका. गोळीमुळेच फुगतेय अशी माझी खात्री झाली आणि मी ती सात आठवडे बंद केली. घरात कुणाला सांगितलं नाही. डबीतून रोज एक काढून बेसिनमध्ये टाकत होते.

नंतर वाचलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. अमेरिकेत तेरा हजारांवर निरोगी, पण कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या बायकांवर मोठी चाचणी झाली. काहींना टॅमॉक्सिफेन, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. वजन वाढण्याचं प्रमाण टॅमॉक्सिफेनवाल्यांत जास्त निघालं नाही. आणि मी बेसिनमध्ये काय टाकत होते? पाच वर्षं नेमाने घेतली तर आजार उलटण्याची शक्यता ही गोळी साधारण चाळीस टक्क्यांनी कमी करते, आणि त्या आजाराने मरणाऱ्या बायकांत जवळपास एक तृतीयांश घट होते.

मग वजन येतं कुठून? केमोसोबत दिलेल्या स्टिरॉइडने भूक खवळते. मळमळ दबावी म्हणून आपण दिवसभर काहीतरी तोंडात टाकत राहतो. केमोने पाळी एकदम जाते; एरवी जो उतार चार-पाच वर्षांत उतरायचा तो चार महिन्यांत कडेलोटासारखा. अंगात त्राण नसतं म्हणून हालचाल थांबते, स्नायू वितळतात आणि त्यांच्या जागी चरबी बसते. काट्यावर आकडा तोच असला तरी आतला माल बदललेला असतो. म्हणून माझं म्हणणं, काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. आपल्या देशातल्या बायकांसाठी कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात.

आणि उरलेलं वजन येतं प्रेमातून. मराठी स्वयंपाकघराला जपायच्या बाईचा एकच प्रकार माहीत आहे, बाळंतीण. माझं ऑपरेशन झालं तशी साताऱ्याहून माझी वहिनी आली ती डिंक, अळीव, खारीक, खोबरं घेऊनच. रोज सकाळी दोन लाडू, वर तुपाचा शिरा, दुपारी गुळपोळी. “अंग भरलं पाहिजे ताई.” मी पन्नाशी उलटलेली, एका स्तनाची बाई, अळिवाचे लाडू खात होते! आम्ही दोघी त्यावर पुढे खूप हसलो. पण तेव्हा नाही म्हणायचं धाडस झालं नाही, कारण ती रात्री मोरीत जाऊन रडायची हे मला माहीत होतं. मागे बसलेल्या घरच्यांना हात जोडून विनंती, तिला जपा, पण बाळंतविडा नको. वरण, मोडाची मटकी, अंडं, मासळी, दही द्या. स्नायू त्यावर बांधले जातात. सोयाबीनला घाबरू नका. शांघायमध्ये पाच हजारांवर रुग्ण बायकांचा पाठपुरावा केला त्यात सोया खाणाऱ्यांचं बरंच झालेलं दिसलं. मात्र इथल्या कोपऱ्यावरच्या मलाई सोया चापला नुसता सोयाबीनचा पदार्थ समजू नका, त्यात मैदा आणि मलईही असते.

दुसरं प्रेम बादलीचं. “हात उचलू नको, बादली धरू नको, कणीक मळू नको.” काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो, भीती खरी आहे. पण 2009 साली अमेरिकेत हात सुजलेल्या 141 बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत, वजनं उचलायला लावली. वर्षभरात त्यांची सूज वाढली नाहीच, उलट ती बळावण्याचे प्रसंग निम्म्यावर आले. सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारूनच करायची, हे आलंच. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात केली. आता दहा किलो आट्याची पिशवी तिसऱ्या मजल्यावर मीच नेते आणि शेजारीण दरवेळी ओरडते. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, एवढं पुरतं. नोव्हेंबरात हवा विषारी झाली की घरातल्या घरात चाला. मी स्वयंपाकघर ते बाल्कनी असे फेरे घालते. नवरा म्हणतो, कैदी दिसतेस.

आता ते ऊन. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, दुधाची पिशवी दातांनी फोडावी लागते. हाडांची डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांबद्दल दुपारच्या सत्रात ऐकाल. मुनिरक्याच्या गल्लीत राहणाऱ्यांनी निदान गच्चीची किल्ली घरमालकाकडून मागून घ्यावी.

अंगातून वाफा येणं हाही आपला रोजचा पाहुणा. जानेवारीत दिल्लीत पारा पाच-सहावर, नवरा दोन रजयांखाली, आणि मी रात्री दोनला बाल्कनीचं दार उघडून उभी. यावर औषधं आहेत. फक्त झोपेसाठी किंवा उदासीसाठी कुणी गोळी लिहून दिली तर कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं बळ कमी करतात. व्हेन्लाफॅक्सिनसारखी दुसरी चालते. टॅमॉक्सिफेनवर असताना, पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. योनीचा कोरडेपणा, नवऱ्याशी जवळीक नकोशी होणं, हेही या उपचाराचंच. मी हा शब्द माइकवर उच्चारते आहे, म्हणजे दुपारी विचारताना तुम्हांला लाजायला नको.

जेवणाबद्दल तक्रारी आधीच कानावर आल्या आहेत. पिठलं, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि ताक आहे. ज्वारीचं पीठ आयएनए मार्केटमधून आणलं, भाकऱ्या आमच्या समितीच्या बायकांनी पहाटेपासून थापल्या, त्यांतल्या तिघींचे हात ऑपरेशनचे आहेत. जिलबी नाही.

शेवटची विनंती. दाराशी पत्र्याचा डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. नाव न घालता प्रश्न लिहा. ज्यांनी माझ्यासारखी गोळी गुपचूप बंद केली असेल त्यांनी फक्त ‘बंद आहे’ एवढे दोनच शब्द लिहिले तरी चालेल. डबा चार वाजता डॉक्टरांसमोर उघडू. आणि तोवर थांबणं शक्य नसेल तर चहाच्या वेळी मला गाठा. मी समोवारापाशी असेन, निळ्या साडीत. ब्लाउज मास्टरजींनी शिवलाय, दोन्ही बाजूंनी नीट बसतो.