लंडन कॉलिंग : हळूहळू आवडत गेलेला अल्बम

श्रीगोंद्यात संत शेख महंमद महाराजांचे अभंग लहानपणापासून कानावर पडतात, म्हणून ते आपलेसे वाटतात. अनोळखी संगीताला मात्र वेळ द्यावा लागतो. इंग्लंडच्या 'द क्लॅश' या पंक रॉक बँडचा 'लंडन कॉलिंग' घ्या. 14 डिसेंबर 1979 रोजी तिथे आलेल्या या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये 19 गाणी आहेत, आणि बँडच्या आग्रहामुळे तो एका तबकडीच्या किमतीला विकला गेला.

पंक म्हणजे फक्त वेग आणि संताप, अशी अपेक्षा ठेवली तर पहिल्यांदा ऐकताना गोंधळ उडतो. इथे जमैकाचा रेगे आहे, स्का आहे, जॅझही आहे. पुन्हा ऐका. जो स्ट्रमरचा खरखरीत आवाज, पॉल सिमननचं बास गिटार, टॉपर हेडनचे ड्रम हळूहळू वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. नुसत्या परिचयानेही आवड वाढते, असं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये मांडलं. माझ्या मते इथे त्याहून अधिक घडतं. बेकारी आणि वंशद्वेषावरचा बँडचा राग उमजत जातो.

शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' तर वेष्टनावरच्या यादीत नव्हतंच. ते ऐनवेळी जोडलं गेलं. आज मला तेच गाणं सर्वांत प्रिय आहे.